परत आलेला नवशिक्या



या वेळचा लेख गोल्फवर आहे. हो, गोल्फच. परंड्यासारख्या ठिकाणी, जिथं शाळेच्या मैदानावरचं व्हॉलीबॉलचं नेट दोन पावसाळे टिकत नाही, तिथला प्राथमिक शिक्षक गोल्फवर काय लिहिणार, असं तुम्हाला वाटेल. वाचत राहा. पुढं तिसरीचा वर्ग आहे, ऊसतोडीहून परत आलेली मुलं आहेत आणि त्यांच्या चाचणीचा तक्ताही आहे. पण तिथं पोचायला आधी हा खेळ थोडा समजून घ्यावा लागेल.

खेळ सांगायला फार सोपा आहे. जमिनीवर चेंडू ठेवायचा, काठीनं मारायचा, जिथं पडेल तिथून पुन्हा मारायचा, आणि लांबवरच्या एका खळग्यात घालायचा. कमीत कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. असे १८ खळगे म्हणजे एक पूर्ण डाव. चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा. खळगा १०८ मिलिमीटर रुंद, आपल्या पाणी प्यायच्या तांब्याच्या तोंडाहून थोडा मोठा. मैदान मात्र एवढं मोठं की पूर्ण डावात माणूस सहा-सात किलोमीटर सहज चालतो. काठीला क्लब म्हणतात. एका खेळाडूला जास्तीत जास्त १४ क्लब जवळ ठेवता येतात. एवढे कशाला? तर प्रत्येकाच्या टोकाचा उतार वेगळा. आकडा लहान असला की टोक उभं, काठी लांब, चेंडू खालून आणि दूर जातो. आकडा वाढला की टोक आडवं होत जातं, काठी आखूड होते, चेंडू उंच उडतो आणि जवळ पडतो. पाचवीला कोन शिकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, चांगलं उदाहरण आहे. आमच्या पोरांना ते तोफेवरून पटकन कळतं. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आधी परंड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये तिकडं नेली, हे इथल्या बहुतेक मुलांना घरातूनच माहीत असतं. तोंड किती वर केलं की गोळा कुठं पडेल, यावर तासभर भांडतात.

आता मला हा खेळ कुठून माहीत, ते सांगतो.

दहावीनंतर मला पुण्याला मामाकडं ठेवलं. त्या वर्षी आमच्याकडं विहिरीत पाणी नव्हतं आणि घरात एक खाणारं तोंड कमी झालेलं बरं, असा सरळ हिशेब होता. मामा पुण्यातल्या एका गोल्फ मैदानावर कॅडी. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी घेऊन बरोबर चालणारा माणूस. अकरावी-बारावीची दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मीही त्याच्याबरोबर जायचो. पिशवीचं वजन दहा-बारा किलो. पण खरं काम वजनाचं नसतं. चेंडू कुठं पडला ते बघून ठेवायचं, गवतातून शोधून काढायचा, पुसायचा, खळगा किती यार्डांवर आहे ते सांगायचं, कोणता क्लब घ्यावा ते विचारलं तरच सांगायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे खळग्याभोवतीची जी बारीक कापलेली हिरवळ असते, तिचा उतार ओळखायचा. डोळ्यांना ती सपाट दिसते, पण चेंडू घरंगळत हातभर बाजूला जातो. मामा उकिडवा बसायचा, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचा, "साहेब, दोन बोटं डावीकडून." ते दोन बोटं बरोबर निघायचं.

सोमवारी मैदान बंद असायचं. त्या दिवशी कॅडी लोकांना खेळायला मिळायचं. कुणाच्या तरी जुन्या क्लबनं मीही मारायचो. बरं जमायचं, असं मामा सांगतो. मग बारावी झाली, डी.एड.ला नंबर लागला, २०१० मध्ये शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो, लग्न, मुलगी, बी.एल.ओ.ची कामं, पोषण आहाराचे हिशेब. अठरा वर्षांत क्लबला हात लागला नाही.

गेल्या दिवाळीत मामा आला तो एक लांबट गाठोडं घेऊन. आत एक सात नंबरचा लोखंडी क्लब, एक पटर आणि डझनभर वापरलेले चेंडू. कुण्या मेंबरनं नवा सेट घेतला होता, जुना मामाला दिला, मामानं त्यातले दोन मला आणले. "शाळेत पोरांना कोन दाखवशील," म्हणाला. त्याला माझी ही कोनाची भानगड ठाऊक होती. पण गाठोडं सोडताना तो माझ्या हाताकडं बघत होता, कोनाकडं नाही.

ज्यांना हा खेळ सुरू करायचा आहे किंवा मुलांसाठी विचार करताय, त्यांच्यासाठी साहित्याबद्दल थोडं. दुकानदार पूर्ण सेट दाखवतात. नवशिक्याला त्यातलं निम्मंही लागत नाही. पटर म्हणजे खळग्याजवळ चेंडू घरंगळवायचा क्लब, तो हवाच. एक सात नंबर, एक जवळच्या उंच फटक्याचा वेज. सगळ्यात लांब मारणारा जो ड्रायव्हर, ज्याचं सगळ्यांना आकर्षण, तो वर्षभर नसला तरी चालतं. जुना क्लब घ्यायला हरकत नाही, फक्त मुठीवरचं रबर बघून घ्यावं. माझ्या सात नंबरचं रबर जुन्या सायकलच्या हँडलसारखं कडक आणि गुळगुळीत झालं होतं. बार्शीत क्रिकेटच्या बॅटची ग्रिप मिळाली, चढवून पाहिली. पण ती जाड, बोटं पूर्ण मिटेनात. शेवटी पुण्यात बदलून घेतली. उजव्या हातानं खेळणारा हातमोजा डाव्या हातात घालतो, एकच मिळतो, दुसरा मागत बसू नका. चेंडू उंचावर ठेवायला लाकडी टी नावाची खुंटी मिळते. मी मातीची चिमूटभर ढिगुळी करतो. खुंट्या यायच्या आधी सगळं जग ओल्या वाळूची ढिगुळी करूनच मारायचं, त्यामुळं त्यात कमीपणा नाही.

मैदान? आमच्या शेतातलं ज्वारीचं रान. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी झाली की रान मोकळं होतं. पण मोकळं म्हणजे हिरवळ समजू नका. जागोजाग धसकटं, आणि उन्हानं काळ्या मातीला भेगा. चेंडू पडला भेगेत की गेला. २०१९ पासूनच्या नियमाप्रमाणं हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. मी एकेका चेंडूसाठी अर्धा तास काठी खुपसत बसलोय, कारण डझनातले सात उरले होते. शेजारचे अण्णा बांधावरून बघायचे. "गुर्जी, काय सांडलंय का?" एके दिवशी तेही भेगेत काठी घालायला लागले आणि तिसऱ्या दिवशी मला न विचारता त्यांनी एक फटका मारून बघितला. चेंडू माझ्यापेक्षा लांब गेला, हे इथं नोंदवून ठेवतो.

एक सूचना कळकळीची. खरा चेंडू दगडासारखा असतो. समोर माणूस, जनावर, मूल नसेल याची खात्री असल्याशिवाय मारू नये. शाळेच्या मैदानावर मी फक्त भोकं असलेले प्लॅस्टिकचे हलके चेंडू वापरतो.

आता मुद्द्याचं. अठरा वर्षांनी मी सात नंबर हातात घेतला तेव्हा मला सगळं येत होतं आणि काहीच येत नव्हतं. पाय किती फाकवायचे, चेंडू कुठं ठेवायचा, खांदे कसे फिरवायचे, सगळं तोंडपाठ. कुणी विचारलं असतं तर पाऊण तास व्याख्यान दिलं असतं. पण हात ते ऐकत नव्हते. पहिल्या दिवशी तीस फटके मारले. चेंडू शोधायचे आणि परत मारायचे. त्यातले बरेचसे चेंडूच्या माथ्याला घासून गेले, काही वेळा क्लब आधी मातीत रुतला, चार-पाच वेळा चेंडू जागचा हलला नाही. हा नवशिक्या साधा नवशिक्या नसतो, हे मला तिथं कळायला लागलं. ज्यानं कधीच क्लब धरला नाही, अण्णांसारखा, तो हसत मारतो. लागला तर लागला. परत आलेल्या माणसाला मात्र लागण्याचा तो नेमका आवाज आठवत असतो. तो आवाज येत नाही तेव्हा नुसता फटका चुकत नाही, आपण पूर्वी कुणीतरी होतो तेही चुकल्यासारखं वाटतं. चार दिवसांत मी क्लब माळ्यावर टाकायच्या बेतात होतो.

टाकला नाही त्याला कारण अंगणातली फरशी. आमच्याकडं शहाबादी आहे, पाणी वाहून जावं म्हणून तिला मोरीकडं किंचित उतार. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मला दाखवा ना." मी स्टीलचा पेला आडवा ठेवला, पटर घेतला आणि सवयीनं उकिडवा बसलो. उतार दिसला. म्हणजे अक्षरशः दिसला, पाणी ओतल्यावर दिसावा तसा. पेल्याच्या वीतभर डावीकडं मारला. चेंडू सरळ निघाला, मध्येच वळला आणि टण्णकन पेल्यात. मुलीला जादू वाटली. मी पण उठून परत एकदा मारून पाहिला. हात विसरले होते, डोळा विसरला नव्हता. आणि हे साहजिक आहे हो. दोन वर्षं मी जे रोज केलं ते उतार बघण्याचं काम होतं. फटका तर फक्त सोमवारी.

त्यानंतर मी रीतसर शिकायचं ठरवलं. परंड्याहून एस.टी.नं पुण्याला जाऊन यायला अख्खा रविवार जातो, आणि तासाची फी अशी की त्यात आमच्या घरचा आठवड्याचा बाजार व्हावा. म्हणून दोन महिन्यांतून एकदा. तिथले प्रशिक्षक वयानं माझ्याहून लहान. त्यांनी दहा मिनिटं मला मारू दिलं, एक शब्द बोलले नाहीत. वर्गात आपण दहा मिनिटं गप्प राहून एका मुलाकडं बघतो का, असा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. मग त्यांनी विचारलं, "सर, आधी काय करायचात? कधीतरी खेळलाय तुम्ही." मी म्हटलं, कॅडी होतो. त्यांनी लगेच सात नंबर माझ्या हातातून घेतला आणि पटर दिला. "मग इथून सुरू करू. खळग्यापासून मागं मागं जाऊ. आधी तीन फूट, मग दहा फूट, मग हिरवळीबाहेरून, मग लांबून."

उलटा क्रम बरं का. लोकांना वाटतं आधी लांबचा मोठा फटका शिकावा आणि मग बारकावे. पण खळग्याजवळचा फटका छोटा असतो, त्यात चुकायला जागा कमी असते, आणि मुख्य म्हणजे चेंडू आत पडलेला दिसतो. काम पुरं झाल्याचा आवाज येतो. पुढचा प्रत्येक फटका मग त्या आवाजाच्या दिशेनं मागं सरकतो.

आणि पूर्ण तासात त्यांनी माझी एकच गोष्ट सुधारली. डाव्या हाताचा अंगठा. मी विचारलं, माझी मान पण उठते ना? म्हणाले, "उठते. कोपर पण वाकतं. ते पुढच्या वेळी. आज अंगठाच." माझ्यासारख्याला, ज्याची लाल पेनाची रिफिल महिन्याला संपते, हे पचवायला वेळ लागला.

मानेचं औषध मात्र मामानं दिलं, तेही फोनवर. चेंडू कुठं गेला हे बघायची घाई असते, त्यामुळं फटका लागायच्या आधीच डोकं वर येतं. मी व्हिडिओ कॉलवर अण्णांच्या हातात फोन देऊन मारत होतो. मामा ओरडला, "अरे तू कशाला बघतोस? तू चेंडूकडं बघ. कुठं गेला ते मी बघतो की!" कॅडीचं सगळं काम या एका वाक्यात आलं. खेळणाऱ्याला निर्धास्त खाली बघता यावं म्हणून कुणीतरी वर बघत असतं.

या कॅडी मंडळींचा इतिहास मोठा वाचनीय आहे, शाळेत गोष्ट म्हणून सांगण्यासारखा. १९१३ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकलाइनला यू.एस. ओपन स्पर्धा झाली. फ्रान्सिस विमेट नावाचा वीस वर्षांचा पोरगा, मैदानासमोरच राहणारा, तिथंच पूर्वी कॅडी असलेला, हौशी खेळाडू म्हणून उतरला आणि हॅरी वार्डन, टेड रे या त्या काळच्या दोन दादा ब्रिटिश खेळाडूंना हरवून जिंकला. त्याची पिशवी घेऊन चालत होता एडी लॉवरी, वय वर्षं दहा. आणि तो शाळा बुडवून आला होता! हे ऐकल्यावर आमच्या चौथीच्या वर्गात जो जल्लोष झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला, म्हणून सांगताना जपून सांगा. आपल्याकडं दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेल्या अली शेरनं १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली. तोवर एकाही भारतीय व्यावसायिक खेळाडूला ती जिंकता आली नव्हती. दोन वर्षांनी त्यानं ती पुन्हा जिंकली. एस.एस.पी. चौरासियाचे वडील कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबवर हिरवळ राखायचे. १८२९ चा हा क्लब, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. पोरगा तिथंच बघून बघून शिकला आणि पुढं त्यानं २०१६ आणि २०१७ अशी सलग दोनदा इंडियन ओपन जिंकली. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्यानं हुकलं, तेव्हा तिची पिशवी घेऊन चालत होती तिची आई. पालकहो, त्या स्पर्धेची चित्रफीत सापडली तर आईकडं बघा. मुलगी मारते आणि आई शांतपणे उभी असते.

अजून एक गोष्ट या खेळाकडून घेण्यासारखी आहे, तिला हँडिकॅप म्हणतात. नाव ऐकायला बरं नाही, पण कल्पना छान. प्रत्येक खेळाडूच्या आधीच्या खेळावरून त्याला सवलतीचे फटके ठरवून देतात. समजा नवशिक्याला २० सवलत आणि मुरलेल्याला २. नवशिक्यानं ९५ फटक्यांत डाव संपवला, मुरलेल्यानं ७८ मध्ये. सवलत वजा केली की नवशिक्याचे ७५, मुरलेल्याचे ७६. नवशिक्या जिंकला. २०२० पासून सगळ्या जगात एकच पद्धत आहे आणि त्यात सवलत ५४ पर्यंत मिळू शकते, म्हणजे १८ खळग्यांना प्रत्येकी तीन जादा. वजाबाकी आणि भागाकाराला याहून चांगलं शाब्दिक उदाहरण मला तरी मिळालेलं नाही. मुलं आपापसात प्लॅस्टिकच्या चेंडूनं खेळतात, सवलत स्वतः काढतात, आणि दुसऱ्याचे गुण तपासताना एकही चूक सोडत नाहीत.

आता वर्गात येऊ.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कारखान्याचा पट्टा पडला की जावंच लागतं. नवरा-बायको मिळून कोयता, आणि त्यांच्याबरोबर पोरं. काही मुलं आजी-आजोबांकडं राहतात, काहींची हंगामी वसतिगृहातून सोय होते, तरी दरवर्षी काही दप्तरं जातातच. आपण शिक्षण हमी पत्रक भरून देतो. तिकडं कुठल्या शाळेत ते दाखवलं जातं, कुठं ते कोपीच्या कुडाला खोचलेलं राहतं. पाडव्याच्या आसपास पोरं परत येतात. हातात उन्हाळी सुट्टीच्या आधीचे तीन-चार आठवडे असतात. पद्धत अशी की लगेच चाचणी घ्यायची आणि स्तर ठरवायचा: प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. तक्त्यात खूण करायची आणि त्या पायरीपासून पुढं न्यायचं.

या एप्रिलला तिसरीतली एक मुलगी परत आली. दिवाळीआधी ती जोडाक्षरं सोडून वाक्य वाचायची. आता परिच्छेद समोर ठेवला तर बघतच राहिली. शब्दांचं कार्ड दिलं, पहिलं अक्षर ओळखलं, दुसऱ्यावर थांबली आणि मग माझ्याकडं बघून तिनं कार्ड पालथं ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं, कारण ज्वारीच्या रानात तोच चेहरा घेऊन मी क्लब माळ्यावर टाकायला निघालो होतो. तिला काही येत नाही, असं ते नव्हतं. आपल्याला हे यायचं, हे तिला आठवत होतं.

मी तक्ता बाजूला ठेवला आणि तिला विचारलं, "तिकडं काय काय करायचीस?" आधी बोलेना. मग म्हणाली, धाकट्याला सांभाळायचे, पाणी आणायचे, आणि गाडी भरली की बापूला नंबर वाचून दाखवायचे. कसला नंबर? तर ट्रॅक्टरचा, ट्रॉलीचा, आणि काट्यावरून आलेल्या वजनाच्या पावतीवरचा. बापूला आकडे लागत नाहीत. पावतीत घोटाळा नको म्हणून ही वाचायची. मी फळ्यावर १८.४६० लिहिलं. ती म्हणाली, "अठरा टन चारशे साठ." तिसरीच्या वर्गात दशांश चिन्ह कुणी शिकवलेलं नसतं. वाहनाच्या नंबरावरून ती जिल्हाही सांगते. एम.एच. २५ आपला, १३ सोलापूर, ९ कोल्हापूर. आणि ट्रॉल्यांच्या मागं लिहिलेलं असतं ते, आईचा आशीर्वाद, देवाची नावं, तिनं चित्रासारखं पाठ केलं होतं.

म्हणजे तिची अंगणातली फरशी सापडली.

आम्ही तिथून सुरू केलं. पहिल्या दिवशी फक्त ट्रॉलीच्या मागची दोन नावं. ती तिनं न बघता लिहिली, मग आम्ही त्यातली अक्षरं सुटी केली. 'आशीर्वाद'मधला रफार तिला चाकावरच्या पत्र्यासारखा वाटायचा. असू दे म्हटलं, पत्रा तर पत्रा. 'सूर्य'वर पण पत्रा, 'पर्व'वर पण पत्रा. एका दिवशी एकच गोष्ट. उलटा 'ळ' काढायची, ते मी आठ दिवस तसंच राहू दिलं. आणि वाचताना ती सारखी माझ्या तोंडाकडं बघायची, बरोबर आहे का ते कळायला. मी म्हटलं, "तू शब्दाकडं बघ. बरोबर का चूक ते मी बघतो की."

वर्गातल्या मोठ्या वाचनाच्या खेळात तिला सवलत दिली, चार शब्दांची. बाकीच्या पोरांना हँडिकॅप ठाऊक होताच, त्यामुळं कुणी कुरकुर केली नाही. सुट्टी लागायच्या आधी सवलत दोनवर आली, ती तिनं स्वतःच वजा करून आणली होती. जून-जुलैमध्ये ती परिच्छेदावर आली. जोडाक्षरं अजून अडतात.

याच्यामागं एक गोष्ट अशी आहे जी मला घरभेटीत कळली. तिच्या वडिलांनी यंदा तिचं नाव काढायचा विचार केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि मला त्यात उद्धटपणा दिसला नाही. "गुर्जी, दरसाली परत आली की तिला कायच येत नाही म्हणून कळतंय. कायच येत नसंल तर मग तिकडंच राहू द्या की. धाकट्याला तरी बघंल." बापमाणूस तक्त्यातली खूण आपल्यापेक्षा जास्त गांभीर्यानं घेतो. प्रारंभिक हा शब्द त्यांच्यापर्यंत 'शून्य' म्हणून पोचतो. मी त्यांना वहीत तिनं लिहिलेलं दाखवलं आणि म्हटलं, पावती वाचायला तिला शाळेत कुणी शिकवलं नाही, ते ती तिकडून शिकून आली. त्यांनी वही उलटी धरली होती. मग त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ते काट्याचं तिनंच धरलं हुतं. एकदा दोन टनाचा फरक काढला हुता तिनं." हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता, आणि आत चुलीपाशी बसलेली पोरगी ऐकत होती.

आता दसरा जवळ आलाय. उचल घेतलेली आहे, टोळी जाणारच. आजीचे गुडघे धरलेत, पण ती राहते म्हणतेय. हंगामी वसतिगृहाच्या यादीत मुलीचं नाव घातलं आहे. वडिलांनी अजून हो म्हटलेलं नाही. "दिवाळीपतोर ठेवतो, मग बघू," एवढ्यावर आलेत. काट्यावर पावती कोण वाचणार, ही त्यांची खरी अडचण आहे, आणि ती खोटी नाही. म्हणून गेल्या आठवड्यापासून संध्याकाळी मी त्यांनाच आकडे शिकवतोय. एका वेळी एकच. पहिल्या दिवशी ते अंगठ्यानं पाटीवरचा एक पुसत पुसत काढत होते. सध्या सहावर आहोत. बाजूला पोरगी बसलेली असते, बाप चुकला की तोंड उघडते. तिला मी गप्प बसायची खूण करतो.

माझं विचाराल तर सात नंबरनं दहातले पाच चेंडू आता वर उठतात. चेंडू चारच उरलेत, बाकी रानानं घेतले. रब्बीची पेरणी होईपर्यंत सकाळी तासभर मिळतो.